चार अंडी आणि सात दिवस

हिशेब बरोबर दिसतो, पण मन मात्र नाही म्हणतं, असं तुमचं कधी झालंय का?

फार वर्षांपूर्वी एका शाळेमागच्या गोठ्यात टिकली नावाची कोंबडी चार अंडी उबवत होती. सातव्या दिवशी शाळेच्या खिडकीत बसून गणित ऐकणारा पोपट तिच्याकडे आला.

"टिकलीबाई, उठा आता. मागच्या खेपेला बारा अंड्यांना एकवीस दिवस लागले. मग चार अंड्यांना किती? सात. झालं तुमचं काम."

टिकली गोंधळली. अंडी कमी, म्हणजे दिवसही कमी, हे तिला पटत होतं. भूकही लागली होती. ती अर्धवट उठली. पोटाखाली गार वारा शिरला, आणि अंड्यांतून काहीच आवाज येईना. ती घाईने परत बसली. अंडी गार पडली तर पिल्लं गेलीच.

"पोपटदादा, मागच्या खेपेला मी बाराही अंड्यांवर एकदमच बसले होते. एकेकावर पाळीपाळीने नाही. तरी हे गणित चालतं का?"

"गुरुजींच्या उदाहरणात घागरी होत्या," पोपट हळूच म्हणाला. "एकामागून एक भरायच्या."

"मग अंड्यांना किती दिवस?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

टिकलीलाही नीटसं उमगलं नव्हतं. तिने चोचीने एकेक अंडं उलटवलं आणि पिसं फुगवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपट गणित पहिल्यापासून नीट ऐकायला शाळेच्या घंटेआधीच खिडकीत जाऊन बसला, आणि टिकली अंड्यांवरच होती.