सातव्या प्रश्नाला हो

त्या मुलखात आता घर बांधावं लागत नसे. पूर्वी कुंभारीण माश्या ओढ्यावरून चिखलाची एकेक गोळी तोंडात धरून आणत, तेव्हा कुठे महिनाभरात एक खोली उभी राही. मग टेकाडाच्या पोटातलं एक बीळ बोलू लागलं. त्याच्या तोंडाशी ठरलेली एक ओळ म्हणायची. बीळ आठ प्रश्न विचारायचं आणि आठव्या उत्तराला अख्खं घर बाहेर यायचं, खिडक्या, फडताळं, दारावरच्या पाटीसकट. पाटीवर ‘अमुक’ असं लिहिलेलं असे. ते खोडून आपलं नाव घालायचं. पण तेवढी सवड कुणाला होती?

धाकट्या कुंभारणीचे दिवस भरत आले, तशी तीही बिळाशी गेली. पहिला प्रश्न तिला कळला. दुसरा अर्धा कळला. तिसऱ्यापासून शब्दच ओळखीचे नव्हते. मागे रांग होती. पुन्हा विचारावं तर आपल्याला काही येत नाही हे सगळ्यांना कळेल, म्हणून ती हो म्हणाली. पुढच्या प्रत्येकालाही हो म्हणाली.

घर आलं ते अकरा खोल्यांचं. शेजारणी बघायला आल्या. इतकं नेटकं कसं बांधलंस, असं कुणीतरी विचारलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं की सगळं मीच केलं, एकेक गोळी वाहून. शेजारणी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांनीही एकेकाळी तेच सांगितलं होतं.

समोर गोदूआत्या अजून चिखल वाहत होती. तिची दुसरी भिंत चालू होती. “आत्या, तुमची वास्तुशांत नातवंडं करणार वाटतं,” असं एकीने म्हटलं. धाकटीही हसली. जरा जास्तच हसली.

पोर झालं, रांगू लागलं. एका सकाळी ते आतल्या खोलीत गेलं आणि त्याच्यामागे भिंत मिटली. दार नाही, फट नाही, आतून नुसतं रडणं. धाकटीने अकराही खोल्या पालथ्या घातल्या. कुठली भिंत जाड, कुठली पोकळ, तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती बिळाकडे धावली. बीळ शांतपणे म्हणालं, “मुलाची खोली आपोआप बंद व्हावी का, हा सातवा प्रश्न होता. तुम्ही हो म्हणालात.”

उघडायची कशी, ते बिळाने विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याला ते सांगताही येईना.

शेवटी ती गोदूआत्यासमोर जाऊन उभी राहिली. आत्याने तोंडातली गोळी खाली ठेवली. काही न विचारता मागोमाग आली. शेजारणीही जमल्या. रडणं आता बारीक झालं होतं.

“शेवटची गोळी कुठे लावलीस?” आत्याने विचारलं. “तिथली माती सगळ्यात कच्ची असते. तिथून फोडू.”

सगळ्या ऐकत होत्या. धाकटीने पंख मिटून घेतले.

“आत्या, यात माझी एकही गोळी नाही. मला प्रश्नच कळले नव्हते.”

 आत्याने भिंतीला डोकं लावलं, एकदा ठोकलं, वीतभर सरकली, पुन्हा ठोकलं. “तूही ठोक. आवाज ऐक. इथे भरीव आहे. आता इथे.” धाकटीने ठोकलं. तिला फरक ऐकू आला. दोघींनी तिथेच कुरतडायला घेतलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा भोक पडलं आणि पोर बाहेर आलं, मातीने माखलेलं, हुंदके देत.

धाकटीने खाली मान घालून शेजारणींच्या हसण्याची वाट पाहिली. कुणी हसलं नाही. एकेक करून त्या गुपचूप आपापल्या घरी गेल्या.

थोड्या वेळाने पलीकडच्या घरातून ठोकल्याचा हलका आवाज आला. मग त्याच्या शेजारच्या घरातून. मग वस्तीभर, प्रत्येक ‘अमुक’च्या दाराआडून.