चार बोटे खोल

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध विणकर राहत होता. त्याने विणलेल्या वस्त्राच्या काठाची कीर्ती अशी, की दूरदूरची माणसे केवळ तो काठ बोटांनी चाचपून पाहायला येत आणि मान हलवत परत जात. घरामागच्या लांब पडवीत बारा माग मांडून त्याने विणकामाची शाळा काढली होती. सगळे त्याला बाबा म्हणत. बाबांचा एक पट्टशिष्य होता. पंधरा वर्षांपूर्वी आलेला हा शिष्य आता स्वतःच नव्यांना शिकवी, कारण बाबांची नजर मंदावत चालली होती. त्याचा हात चोख, बोलणे गोड, आणि आपण सहसा चुकत नाही याची खात्री जरा जास्तच. हुशार माणसांत हा दोष हमखास सापडतो, म्हणून एवढ्यावरून आपण त्याला नावे ठेवू नयेत.

हे माग जमिनीत खड्डा खणून बसवलेले होते. विणकराने खड्ड्याच्या काठावर बसायचे, पाय आत सोडायचे आणि तळाशी बसवलेल्या दोन पावड्या आळीपाळीने दाबायच्या. खड्डा किती खोल असावा, याचे त्या शाळेत एकच माप होते. बाबांच्या ऐन तिशीत, त्यांचा पहिला माग मांडताना, त्यांच्या गुरूने बाबांच्याच पायाच्या मापाची एक बांबूची काठी कापून दिली होती. पुढचे सगळे खड्डे त्याच काठीने खणले गेले. खंडेनवमीला आडवे सूत वाहणारा धोटा, ते ठोकणारी फणी आणि इतर हत्यारांबरोबर या काठीलाही झेंडूची माळ चढे. हळदकुंकू वाहिलेल्या वस्तूविषयी कुणाच्या मनात शंका येत नाही, तशी तिच्याविषयीही कधी आली नाही.

बाबांना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या बायकांनी भराव्यात, सुताला खळ बायकांनी द्यावी आणि मागावर मात्र पुरुषाने बसावे, अशी सगळीकडची रीत. ती बाबांनी मोडली होती. "माझ्या दारात बाई-पुरुष असा भेद नाही. ज्याला शिकायचंय त्यानं खुशाल मागावर बसावं," असे ते सांगत. गावाने थोडे दिवस नाके मुरडली, मग गावही गप्प बसले. बारा वर्षांत सहा मुली आल्या, आणि सहाही जणी वर्षा-दीड वर्षात निघून गेल्या. कुणाची कंबर धरली, कुणाचे कापड एका अंगाला ओढले जाऊ लागले, कुणी काही न बोलताच यायची थांबली. "बायकांना माग झेपत नाही," शिष्य म्हणे, आणि तेही अगदी कळवळ्याने म्हणे.

सातवी आली शेवंता. ती पलीकडच्या तीरावरून रोज नावेने येई. कळायला लागल्यापासून आईबरोबर कांड्या भरण्यात तिचे दिवस गेले होते. आपण भरलेल्या सुताचे पुढे काय होते ते आपल्या हातांनी करून पाहायचे, एवढाच तिचा ध्यास होता. पण चार महिने झाले, तरी तिचा काठ सरळ येईना.

एके सकाळी शिष्य बाबांसमोर येऊन बसला.

"बाबा, शेवंताला पुन्हा कांड्यांवर बसवू या. तिच्याच्यानं होत नाही."

"काय होत नाही?"

"काठ तिरका जातो. दुपारपासून सारखी जागा बदलते, पाय ताणत राहते. काल तर भिंतीला धरून उठली. वय ते काय तिचं! उगाच जिवाला त्रास. पोरीच्या भल्याचंच सांगतोय मी."

खांबाआड सूत उकलत बसलेल्या शेवंताचे हात थांबले. ती पुढे आली आणि मान खाली घालून म्हणाली, "दादा, मला मागावरून नका हो उठवू. सावकाश विणीन, पण विणीन."

बाबा शिष्याला म्हणाले, "आठ दिवस थांब. या आठ दिवसांत तू माझ्या मागावर एक उपरणं विणून दे. नवव्या दिवशी तू म्हणशील तसं करू."

शिष्याला हसू आले. उपरणे म्हणजे त्याच्या हातचा मळ. पण त्याच दुपारी त्याने एक विचित्र गोष्ट पाहिली. सगळे जेवून कलंडले असताना ज्यांना धड दिसतही नाही असे बाबा स्वतःच्या मागाच्या खड्ड्यात उतरले होते, आणि खुरप्याने तळाची माती खरवडून टोपलीत भरत होते. मग त्यांनी चाचपडत पावड्या सोडवल्या आणि खाली नेऊन पुन्हा बसवल्या. गुरूच्या काठीने खणलेल्या खड्ड्याला आजवर कुणी खुरपे लावले नव्हते.

"बाबा, हे काय करताय?" शिष्य धावत येऊन म्हणाला.

"चार बोटं खोल केला," मातीने माखलेले हात झटकत बाबा म्हणाले. "विणशील ना?"

"न विणायला काय झालं! चार बोटांनी काय होतंय?"

पहिल्या दिवशी खरोखरच काही झाले नाही. पाय पावडीला पुरेसा टेकत नव्हता, म्हणून शिष्य काठावरून थोडा पुढे सरकून बसला, इतकेच. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे आले. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आले, की पाय पोचवण्यासाठी आपण एका कुशीवर कलतो, आणि कललो की त्या अंगाला फणीचा ठोका जड पडतो. चौथ्या दिवशी काठ तिरका गेला. त्याने चार ओळी उकलल्या, पुन्हा विणल्या, काठ पुन्हा तिरकाच गेला. संध्याकाळी उठताना त्याचा हात आपोआप भिंतीकडे गेला. समोरच्या मागावरून शेवंताने ते पाहिले आणि लगेच नजर वळवली. तिने तेवढी दया दाखवली नसती तर बरे झाले असते, असे त्याला वाटले.

पाचव्या दिवशी त्याला एक साधी युक्ती सुचली. पावड्यांवर दोन लाकडी ठोकळे बांधले, तर पाय सहज टेकतील. तो सरपणाच्या ढिगाशी गेला, दोन ठोकळे निवडले, सुतळी घेतली आणि खड्ड्यात उतरून गाठ मारू लागला. गाठ अर्धीच राहिली, आणि तो तिथेच खाली बसला.

त्याला द्रुपदा आठवली.

द्रुपदा म्हणजे त्या सहांतली दुसरी. हात असा, की बाबांचा काठ तिने नुसता पाहून उचलला होता. नऊ वर्षांपूर्वी, हा नुकताच शिकवू लागला होता तेव्हा, एका सकाळी त्याला तिच्या पावड्यांवर असेच ठोकळे बांधलेले दिसले. त्याने ते सोडून अंगणात भिरकावले होते. "हा खड्डा गुरूच्या मापाचा आहे. मागाला असले टेकू लावायचे नसतात. झेपत नसेल तर तसं सांग," असे तो चारचौघांत म्हणाला होता. पुढे पाच महिने द्रुपदा तशीच विणत राहिली, आणि मग एक दिवस आली नाही. तिने मागितले नव्हते काहीच. स्वतःची अडचण स्वतःच निस्तरली होती, आणि आपण तेवढेही तिला करू दिले नाही! शिष्याने सुतळी सोडली, ठोकळे बाजूला ठेवले आणि उरलेले तीन दिवस ते उपरणे तसेच विणले. आता त्याला सोपे करून घेण्याची इच्छाच उरली नव्हती.

आठव्या दिवशी त्याने उपरणे बाबांच्या मांडीवर ठेवले. बाबांची बोटे काठावरून हळूहळू फिरली, आणि जिथे काठ तिरका जात होता तिथे थांबली.

"हा तर पोरींचा काठ," बाबा म्हणाले.

शिष्याने मान खाली घातली. "बाबा, तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"आधीपासून ठाऊक असतं तर मी एवढा पापी झालो नसतो रे," बाबा म्हणाले. "मला गेल्या महिन्यात कळलं, पण कबूल करायची हिंमत होईना. माझे गुडघे आता सरळ होत नाहीत. हौसेनं मागावर बसायला गेलो, तर पाय पावडीला पोचेना. ज्या पायाची ती काठी, त्याच पायाला ती आता लांब पडली. तिथं बसल्या बसल्या मला एकेक पोर आठवायला लागली. बघ, नदी खराब होऊ नये म्हणून आपण निळीचं पाणी तिच्यात सोडत नाही. उन्हाळ्यात दुपारी सूत कोरडं पडतं, म्हणून माग थांबवतो. सूत तुटलं तर सुताला बोल लावत नाही. खळ बघतो, हवा बघतो, फणी बघतो. आणि माणूस तुटलं तेव्हा मात्र माणसालाच बोल लावला. अरे, आपल्यात बुटके पुरुषही होते. तेही रखडले, पण 'पुरुषांना माग झेपत नाही' असं तू कधी म्हणालास? मी कधी म्हणालो? मी दार उघडलं आणि मोठेपणा मिरवला. आत बसायची जागा माझ्याच मापाची ठेवली, हे मला सुचलंच नाही. आज बारा माग आहेत, आणि माझा काठ जाणणारे हात दोनच, तुझे. उद्या तुझेही गुडघे धरतील. मग हा काठ कुणाच्या हाती द्यायचा?"

मांडीवरचे उपरणे घडी करत ते पुढे म्हणाले, "आणि काठाचंही जाऊ दे. द्रुपदाच्या गावी जायला मी दोनदा गाडी जुंपायला सांगितली आणि दोन्ही वेळा गाडीत बसून खाली उतरलो. मला तोंड दाखवायची लाज वाटली."

"मी जातो, बाबा," शिष्य म्हणाला. "ठोकळे मी फेकले होते."

पण आधी त्याने शेवंताला तिच्या मागाच्या काठावर बसवले. तिचे पाय जिथे सहज टेकतात तिथे खूण केली, आणि स्वतः टोपल्या वाहून खड्डा तेवढा भरून पावड्या वर घेतल्या. शेवंता संकोचून म्हणाली, "दादा, तुम्ही कशाला माती वाहताय, मी करते ना." त्याने तिला करू दिले नाही. पंधरा दिवसांत तिचा काठ सरळ आला. इतक्या थोडक्यात काम भागत होते हे पाहून शिष्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला रडू आले.

मग तो द्रुपदाच्या गावी गेला. ती अंगणात धान्य पाखडत होती. त्याला पाहताच ती उठली, पण एक हात कमरेवर ठेवून, टप्प्याटप्प्याने उठली. तिने गूळ-पाणी पुढे केले. ते हातात धरून, उभ्या उभ्याच त्याने सगळे सांगितले: काठी, खड्डा, चार बोटे, ठोकळे. काही लपवले नाही.

द्रुपदा ऐकता ऐकता स्वतःच्या पायांकडे पाहू लागली.

"म्हणजे माझ्या पायांत खोट नव्हती?"

"नव्हती, द्रुपदाबाई."

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मी तर लेकीलाही सांगून ठेवलंय. तुझे पाय माझ्यासारखेच आखूड, मागाच्या नादी लागू नकोस म्हणून."

शिष्याने तिला परत येण्याची विनंती केली. ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"आता ही कंबर मला घटकाभर बसू देत नाही, दादा. लेकीचं मी बघते, तिला आता वेगळं सांगीन. पण तुम्ही एक करा. बाकीच्या पाचजणींकडे जा. त्याही असंच काहीबाही मनात धरून बसल्या असतील. त्यांना एवढंच सांगा, की तुमच्यात काही कमी नव्हतं."

शिष्य गेला. महिनाभर गावोगाव फिरत होता. एकीने त्याला ओळखच दाखवली नाही, तरी त्याने सांगायचे ते सांगितले. एकीने सगळे ऐकून घेतले आणि सासूला हाक मारून तिच्यासमोर पुन्हा सांगायला लावले. एक जण खळखळून हसली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली. एकीने दार लावून घेतले, तेव्हा तिच्या दाराबाहेर उभे राहून त्याने मोठ्याने सांगितले. शेवटच्या गावाहून मात्र तो कुणाशी न बोलता परतला.

बाबा पडवीत बसले होते. पावलांवरून त्यांनी त्याला ओळखले.

"सगळ्यांना सांगितलंस?"

"सहांपैकी पाचजणींना, बाबा."

बाबांनी काही विचारण्यासाठी तोंड उघडले. शिष्य म्हणाला, "सहावी मागच्या पावसाळ्यातच वारली."

पडवीत शेवंताचा माग तेवढा चालू होता.

आपल्याकडून कुणी शिकणे किंवा काम अर्धे टाकून निघून गेले, तर त्याच्यात काय उणे होते हे सांगत बसण्याआधी त्याच्या जागेवर एकदा बसून पाहावे. आणि उणे आपल्याच जागेत निघाले, तर त्याला ते सांगायला त्याच दिवशी निघावे.