अनसूयाची बिनआवाजाची मोटर

तलावावर रोहित पक्षी उतरले, की अनसूया भोई आपल्या छोट्या होडीतून पर्यटकांना ते दाखवायला नेई. वल्ही मारून खांदे भरून येत, म्हणून तिने यंदा विजेवर चालणारी लहान मोटर निवडली. घाटावर ती बसवताना बोट क्लबचे अध्यक्ष काळभोर आपल्या भरलेल्या बोटीतून हसले.

“अगं, ही चालू झाल्याचंही कळत नाही. आमच्या डिझेल बोटीचा आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जातो.”

“जातो की, साहेब,” अनसूया म्हणाली. “आणि त्याच्या पुढे पुढे सगळे पक्षीही तिकडेच जातात.”

बोटीतले पर्यटक खो खो हसले आणि एकेक करून तिच्या होडीकडे वळले. संध्याकाळी अध्यक्षांनी तिला हळूच विचारलं, “ही मोटर मिळते कुठे?”