चष्म्यावरचा हेडफोन

नवा हेडफोनही रेणूला टोचला तर, या काळजीनं वृषालीला रात्री झोप लागली नव्हती. आठ वर्षांच्या लेकीला गाण्यांसाठी, गेमसाठी मऊ आणि परवडणारा हेडफोन हवा, एवढंच. पण नेटवर पन्नास जणांची मतं वाचून तिचा पुरता गोंधळ उडाला होता.

दुकानदार खाडिलकरांनी चष्मा सावरत सगळ्यात महागडा हेडफोन पुढे केला. "वहिनी, तुम्हाला यातलं कळायचं नाही. हाच घ्या. कानाला जाणवतसुद्धा नाही."

कळत नव्हतं हे खरंच होतं. "चप्पल आम्ही दुकानात चालून बघतो," शेजारी उभ्या रेणूकडे बघत वृषाली चाचरत म्हणाली. "तुम्हालाही हिच्यासारखाच चष्मा आहे. हा घालूनच मला बाकीचे दाखवता का?"

खाडिलकरांनी ऐटीत घातला. चौथा डबा उघडता उघडता त्यांनी नकळत तो काढला आणि चष्म्याच्या काड्यांखालची कानशिलं चोळली.

"तुम्हाला दहा मिनिटं सोसवला नाही," वृषाली म्हणाली. "ही दोन तास कसा घालणार?"

खाडिलकरांनी मऊ गादीचा, निम्म्या किमतीचा हेडफोन काढला. रेणूनं तो चष्म्यावरून घालून बघितला.

"आई, घरी अर्धाच तास म्हणतेस," ती म्हणाली. "आत्ता दोन तास म्हणालीस. काकांनीपण ऐकलंय."