‘ऊठ’ न म्हणण्याची टेकडी

टेकडीच्या माथ्यावर हा जो बसका काळा धोंडा आहे, त्याला शेंदूर नाही, नवस नाही. चपला काढायचीही गरज नाही. मात्र त्यावर एखादी बाई बसली असेल तर तिला ‘ऊठ’ म्हणायचं नाही. हा आमच्या गावचा कायदा आहे, आणि तो कुठल्या सरकारनं केलेला नाही.

फार पूर्वी, कंपनी सरकारच्या अमलात, इथं एका पायदळ पलटणीची छावणी होती म्हणे. पलीकडे परका मुलूख, अलीकडे ही सरहद्द. पलटणीत शिपाई किती, बंदुका किती, हे लिहिणारे पुष्कळ झाले. शिपायांच्या मागून चालणाऱ्या बायका त्यांच्यातल्या एकालाही दिसल्या नाहीत. ढोल वाजला की उठायचं, चूल मोडायची, पोर काखेला मारायचं, पीठ आणि भांडी डोक्यावर घेऊन धुळीतून चालायचं. नव्या जागी चूल सारवून वाळते न वाळते तो पुन्हा ढोल.

हा ढोल वाजवायचा सोननाक. येसाई त्याची बायको. तिनं दोन लेकरं अशाच वाटांवर पुरली होती. तिसरा वाढला, शिपाई झाला आणि लढाईत पडला. मागे राहिली त्याची बायको गोदी, दिवस भरलेली. घराचं जे काही उरलं होतं ते तिच्या पोटात.

एका सकाळी घाट उतरायचा हुकूम आला, आणि त्याच सकाळी गोदीला कळा सुरू झाल्या. ढोल वाजला. बायका उठल्या. येसाई मात्र या धोंड्यावर बसली ती बसलीच.

जमादार ओरडला, “ए म्हातारे, ऊठ! पलटण खोळंबलीय.”

“खोळंबू दे. तुझी आई काय ढोलाच्या तालावर बाळंत झाली होती?”

बायका खदखदून हसल्या म्हणतात, आणि हसता हसता डोक्यावरची ओझी उतरवून एकेक खाली बसली. पलटणीचं पीठच जमिनीवर आलं, आता निघणार कसं? गोरा कपतान म्हणाला, वाजवत राहा, उठतील. सोननाक वाजवत राहिला. जन्मभर त्या ढोलावर उठलेले पाय ते! येसाईचेही उठू बघत होते म्हणे. तिनं दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

उन्हं वर आली. ढोलाचं कातडं फाटलं. तेव्हा कपतानानं सोननाकला सांगितलं, बायको तुझी आहे, तू उठव. नाहीतर फटके खा. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. खालच्या झोपडीतून गोदीचं कण्हणं ऐकू येत होतं.

“येसे, दमलीस?”

“लई.”

“मग बस.”

त्यानं ढोलाच्या काठ्या तिच्या ओटीत ठेवल्या आणि फटके खायला गेला. दुपारी पलटण ढोलाशिवाय घाट उतरली. सोननाक पलटणीबरोबर गेला, तो परत आला नाही. काही बायका नवऱ्यांमागे गेल्या, काही इथंच राहिल्या. दिवस मावळताना गोदीला मुलगी झाली. आमचं सगळं गाव स्वतःला तिचंच म्हणवतं.

मुलगी रडली तेव्हा धोंड्याखाली झरा फुटला, असंही सांगतात. मला विचाराल तर झरा आधीपासूनच असेल. थांबून खाली बघायला कुणाला सवड मिळाली होती?

आजही वरात पायथ्याशी आली की वाजंत्री बंद होते. नवी सून टेकडी चढून धोंड्यावर बसते. नवरा समोर उभा राहून एवढंच विचारतो, “दमलीस?” मग तिचं मन होईल तेव्हा ती उठते. गेल्या वैशाखात एक पोरगी दिवस कलला तरी उठेना. वऱ्हाड उपाशी, भात गार, पाहुणे चुळबुळ करताहेत. शेवटी तिची सासू पदर खोचून तरातरा वर आली. आता ही ‘ऊठ’ म्हणते की काय!

“सरक जरा,” ती म्हणाली, आणि सुनेशेजारी टेकली.