तिवरपाड्याच्या बँडात कॉर्नेट का नाही

हसा पाहुणे, खुशाल हसा. तिवरपाड्याच्या या फादरांच्या हायस्कुलाचा बँड पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण हसतोच. एक मोठा ढोल, चार ताशे, आणि फुंकून वाजवायचं म्हणाल तर साधी शिट्टीसुद्धा नाही. समोरच्या टॉवरांत नवे राहायला आलेले पालक दरवर्षी कॉर्नेट, तो छोटा पितळी कर्णा, भेट द्यायला निघतात आणि दरवर्षी त्यांना नाही म्हणावं लागतं. का, ते ऐका आता. निदान ऐकताना तरी तो मोबाइल खिशात ठेवा.

टॉवर नव्हते, भाताची खाचरं होती, तेव्हाची गोष्ट. शाळेत इनास मास्तर संगीत शिकवायचा. प्लेगात त्याची बायको गेली, तेव्हा सरकारी गाडीवाल्यांनी तिला चादरीत गुंडाळून नेलं. ना मिस्सा, ना प्रार्थना, ना मागे चालायला माणूस. मास्तराच्या ते जिव्हारी लागलं. वेशीवरच्या क्रूसाला हात लावून त्याने म्हणे नवस केला, की यापुढे या गावचं कुणीही मुक्याने मातीत जाणार नाही, मी वाजवत पोचवीन. त्यासाठीच त्याने शाळेच्या पोरांचा बँड उभा केला. रेजिनबायचा लेक बस्त्याव कॉर्नेट फुंकायचा. मास्तराचा एकुलता एक पेद्रू ताशावर होता.

मग मानमोडीचा ताप आला. आज खाचरात उभा असलेला धडधाकट माणूस उद्या खड्ड्यात. शाळा बंद झाली. बँड बंद करावा हे मात्र कुणालाच सुचलं नाही, उलट त्याला उसंत मिळेना. एक पोरगा तापाने पडला की त्याचं वाद्य दुसऱ्याच्या हातात जायचं. सदऱ्याच्या बाहीने पुसलं की झालं. बापड्यांना काय ठाऊक.

बस्त्याव गेला. त्याला पोचवून आल्यावर मास्तराने त्याचं कॉर्नेट आपल्या पेद्रूच्या हातात दिलं. मानाची जागा, दुसऱ्याला कशी द्यायची? रेजिनबाय त्याच्या दारात आली. पोटचा गोळा पुरून आलेली बाई, पण तिचं डोकं ठिकाणावर होतं.

"मास्तर, ताशेवाली पोरं धड आहेत. फुंकणारी पडतायत. माझ्या लेकाच्या तोंडचं तुमच्या लेकाच्या तोंडाला लावू नका."

"क्रूसाला हात लावून बोललोय, रेजिनबाय. देवाचं काम करताना पोराला काही होणार नाही."

राग येतो हे सांगताना. माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. पेद्रू वाजवत राहिला. अंगात ताप भरला तरी बापापासून लपवून वाजवलं, असं सांगतात, कारण आपण थांबलो तर बापाचा नवस मोडेल एवढं त्याला कळत होतं. शेवटी एका प्रेतयात्रेत तो कॉर्नेट हातात धरून रस्त्यातच बसला, तो उठला नाही.

पेद्रूच्या शवपेटीमागे उरलेली पोरं वाद्यं घेऊन उभी राहिली. मास्तराने एकेकाच्या हातातून फुंकायचं वाद्य काढून घेतलं आणि खड्ड्यात पेटीशेजारी ठेवलं. सगळं पितळ. म्हणाला, "लोटा माती." नवस मोडत होता आणि मोडणारा तोच होता. पेटीवर ढेकळं पडत होती, तेवढाच आवाज.

तेव्हा रेजिनबाय पुढे झाली. ढोलाची काठी तिने उचलली आणि बडवायला लागली. तिला ताल कुठला येतोय. पण माती पुरी होईपर्यंत थांबली नाही. मास्तर तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला, तर म्हणाली, "तुमच्यासाठी नाही, मास्तर. पोर मुकं जाऊ नये म्हणून."

त्यानंतर शाळेत फुंकायचं वाद्य आलं नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मुलं ढोल घेऊन दफनभूमीत जातात, पहिला ठोका कुणा विद्यार्थ्याच्या आईचा असतो, आणि मग रांगेने एकेका कबरीपुढे वाजवतात. इनास मास्तर पुढे पुष्कळ वर्षं जगला. माझ्यामागे ढोल वाजवू नका, असं बजावून गेला. आजही त्याच्या कबरीवरच्या क्रूसापाशी आलं की मुलं काठ्या खाली करतात आणि मुकाट्याने पुढे जातात.