दुसरं बसकर

दिवाळी उलटली तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत सरकारी गणवेश काही पोचले नव्हते. पोचले ते गणवेश वाटणाऱ्या खात्याचे निंबोरे साहेब, तपासणीला! पोरांनी गेल्या सालचे गणवेश ताणूनतुणून अंगात चढवले होते. चौथीतल्या शिवकन्याला मात्र तो होईचना, म्हणून ती हिरव्या फ्रॉकात आलेली.

साहेब कडाडले, “गणवेशाचा नियम मोडणाऱ्यानं वर्गाबाहेर बसायचं! मग तो कुणी का असेना!”

शिवकन्या मुकाट्यानं व्हरांड्यात गेली. तिनं बसकर अंथरलं, शेजारी दुसरं अंथरलं आणि दारातून हाक मारली,

“या साहेब! शाळा उघडताच गणवेश वाटायचे, हा नियम तुमचाच होता ना?”

साहेब वर्गाबाहेर पडले, ते थेट जीपमध्येच जाऊन बसले.